जोतीरामचा पाय

बसवराजनं मुंबईहून सोलापुरात अमेरिकन गाडी आणली तेव्हा ती बघायला विजापूर वेशीपासून लोक चालत आले होते. देश सोडून चाललेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यानं ती घेतली होती. स्टिअरिंग डावीकडं, क्लच नाही, गिअर आपोआप पडणारे, आणि बोनेट एवढं लांब की त्यावर दोन माणसं आडवी झोपतील. बसवराजचा तूरडाळीचा आणि शेंगतेलाचा व्यापार होता. बाजारात त्याच्या शब्दाला मान होता आणि त्याला चारचौघांत मिरवायची हौसही होती. सगळ्यात जास्त हौस त्या गाडीतल्या एका बटणाची. गाडी एका वेगाला आणायची, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी त्याच वेगानं पळत राहायची, चढ असो की उतार. ब्रेकला पाय लागला की बटण सुटायचं. टॅक्सी स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला ‘भुताचा पाय’ म्हणायचे.

गाडी आली तेव्हा बटण बंद पडलेलं होतं. ते चालू केलं मडिवाळप्पा मिस्त्रीनं.

मडिवाळप्पाचं गॅरेज होटगी रोडला, टॅक्सी स्टँडच्या समोर. महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या ट्रकांवर त्याचा हात बसला होता आणि सोलापुरात अडलेली कुठलीही गाडी शेवटी त्याच्या दारात येई. हे असलं बटण त्यानंही आधी पाहिलं नव्हतं. पण दोन दिवस बोनेटखाली डोकं घालून त्यानं ते उलगडलं. इंजिनाच्या बाजूला रबराचा एक छोटा भाता होता. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं भाता आखडतो, आणि भात्याला जोडलेली बारीक साखळी पेट्रोल सोडणारा खटका ओढून धरते. ब्रेक दाबला की भात्यात हवा शिरते, साखळी सैल पडते, खटका मागं जातो. एवढंच. ती साखळी तुटली होती. तशी साखळी सोलापुरात मिळणार नव्हती, मुंबईतही मिळाली नाही. मग मडिवाळप्पानं पोलादी तारेला पीळ देऊन जोड तयार केला. पिळाचं एक टोक जरा लांब राहिलं. नंतर कापू, असं तो मनाशी म्हणाला. तेवढ्यात बसवराज आला, बटण चाललेलं बघून त्यानं मिस्त्रीच्या गळ्यात हार घातला, सगळ्या स्टँडला चहा पाजला. ते टोक तसंच राहिलं.

गाडीवर ड्रायव्हर होता जोतीराम. पूर्वी लॉरी चालवायचा. हात शांत, तोंड बंद, दारूचा थेंब नाही. बसवराजनं त्याला स्वतः निवडून घेतलं होतं.

पावसाळा सरता सरता बसवराजच्या घरची माणसं अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघाली. पुढं बसवराज, मागं त्याची बायको सावित्रम्मा आणि तिच्या माहेरच्या दोघी. वळसंग गाव मागं पडल्यावर बसवराज म्हणाला, “जोतीराम, बटण दाब. बघू दे यांना.” जोतीरामनं दाबलं. पुढं लांब चढ होता. गाडी चढ घेत वर गेली आणि वर पोचताच समोर कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली. जोतीरामनं ब्रेक दाबला. गाडी थांबेना. ब्रेक दगडासारखा घट्ट, आणि इंजिन ओरडतच राहिलं. बैल वाचवायला त्यानं गाडी रस्त्याखाली, काळ्या रानात घातली आणि ती बाभळीवर जाऊन अडली. जोतीरामचं कपाळ फुटलं. सावित्रम्माचं मनगट मोडलं.

गाडी ओढून मडिवाळप्पाच्या गॅरेजात आणली. पत्रा ठोकून झाला, आणि एका सकाळी निवाड्याची वेळ आली. बसवराज खुर्चीवर बसला होता. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. कपाळाला पट्टी बांधलेला जोतीराम एका बाजूला उभा होता.

“मिस्त्री, मी पाय काढला हुता,” तो सांगत होता. “ब्रेक दाबला हुता. बटण सुटलंच न्हाई.”

मडिवाळप्पानं मागची चाकं जॅकवर उचलली, इंजिन चालू केलं, चाकं हवेत फिरवली आणि बटण दाबलं. ब्रेकला पाय लावला. बटण सुटलं. परत केलं, परत सुटलं. भाता बघितला, नळ्या बघितल्या. तारेच्या जोडावरूनही नजर गेली. टोक लांब दिसलं, आणि क्षणभर त्याच्या मनात काहीतरी हललं. पण समोर एवढी माणसं होती, आणि तो जोड त्यानं स्वतः केलेला होता. नजर पुढं गेली.

“यंत्रात दोष न्हाई,” तो मोठ्यानं म्हणाला.

“एकदा रस्त्यावर तर नेऊन बघा की,” जोतीराम म्हणाला. “मानसं बसवून, चढावर.”

“मला शिकवतोस?” मडिवाळप्पा म्हणाला. माणसं हसली, तसा त्याला आणखी जोर आला. “या गाडीला क्लच न्हाई. लॉरी चालवणाऱ्याचा डावा पाय रिकामा राहतोय, डोकं गोंधळतंय. बैल बघून घाबरला आसंल. ब्रेकवर न्हाई, ॲक्सिलेटरवरच पाय दाबला यानं. गाडीचं न्हाई, पायाचं काम हाय हे.”

बसवराज उठला. “ऐकलंस?” एवढंच तो जोतीरामला म्हणाला, आणि किल्ली मागायला हात पुढं केला.

मिस्त्रीच्या तोंडचं वाक्य होतं, ते शहरभर झालं. पाय चुकणारा ड्रायव्हर कुणी ठेवेना. लॉरीवाले नाही म्हणाले, टॅक्सीवाले नाही म्हणाले. स्टँडवर तो आला की कुणीतरी पाय उचलून नाचवून दाखवायचं. थोड्या दिवसांनी तो यायचा बंद झाला. कुणी म्हणालं, दुधनीला गेला, बायकोच्या गावाला. मडिवाळप्पाच्या डोक्यातून तो विषय गेला.

मग पेट्रोल महागलं. एवढी मोठी गाडी पोसणं बसवराजला जड जायला लागलं आणि ती विकायचं ठरलं. शरणप्पा नावाचा अक्कलकोटचा एक अडत्या घ्यायला तयार झाला. पण त्यालाही बटणाचीच हौस. “बटण चालतंय का, ते मिस्त्रीनं चालवून दाखवावं,” असं त्यानं सांगून पाठवलं. म्हणून मडिवाळप्पा स्टिअरिंगवर बसला. शेजारी शरणप्पा, मागं त्याची तीन धष्टपुष्ट भावंडं. वळसंग गेलं, रस्ता मोकळा झाला, बटण दाबलं. शरणप्पा लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला.

चढाच्या वर रस्त्यात शेळ्या होत्या.

मडिवाळप्पानं ब्रेकला पाय लावला. बटण सुटण्याची जी एक हलकी ढील पायाला कळते, ती आलीच नाही. त्यानं जोरात दाबला. पायाखाली दगड. इंजिन ओरडत राहिलं. शरणप्पा किंचाळला, “निधान! निधान री!” हळू, हळू. मडिवाळप्पाचा हात किल्लीकडं गेला, ते तो मिस्त्री होता म्हणून. इंजिन बंद पडलं, गाडी घसरत शेळ्यांच्या अलीकडं थांबली.

मग शरणप्पानं कपाळाचा घाम पुसला आणि तो हसायला लागला.

“काय मिस्त्री, तुमचा पण पाय चुकला की काय?”

खरं काय ते मडिवाळप्पाला त्या क्षणी कळलं होतं. पायाच्या तळव्यातून कळलं होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “वय झालं आता.”

सगळे हसले. शरणप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ती मंडळी पाय मोकळे करायला खाली उतरली, तेव्हा मडिवाळप्पानं बोनेट उचललं. तारेचं लांब टोक इंजिनावरच्या एका पट्टीला आकड्यासारखं अडकलं होतं. खटका पूर्ण ओढलेला, तसाच धरून ठेवलेला. खटका असा राहिला की इंजिनाची ओढ जाते, आणि त्या ओढीवर चालणारा ब्रेकही दगड होतो. आता सगळं सरळ दिसत होतं. जॅकवर चाकं हवेत फिरतात, ओझं नसतं, भाता जरासाच आखडतो, टोक पट्टीपर्यंत पोचतच नाही. भरलेली गाडी चढावर असली तरच ते पोचतं; त्या वेळी बाभळीच्या धक्क्यानं ते सुटलं असणार. माणसं बसवून, चढावर. जोतीराम हेच म्हणाला होता.

त्यानं खिशातून पक्कड काढली आणि टोक तोडून टाकलं. एका दाबात तुटलं. तुकडा कुठं पडला तेही त्यानं बघितलं नाही. बोनेट लावताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण दुरुस्ती केली नाही, पुरावा नाहीसा केला.

शरणप्पानं गाडी घेतली नाही, पण गोष्ट सोलापूरपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर हशा पिकला. “मिस्त्रींचा पाय चुकला!” एकानं चहा आणून दिला, एकानं गुडघ्याला लावायला तेल सांगितलं. कुणी गाडी दुसरीकडं नेली नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. चहा हातात घेऊन मडिवाळप्पा त्या हसऱ्या तोंडांकडं बघत राहिला. हेच वाक्य. जोतीरामचं या वाक्यानं पोट मारलं होतं आणि आपल्याला त्याच वाक्यावर चहा मिळतोय. त्यानं चहा तसाच खाली ठेवला.

दोन-चार दिवस त्यानं तसेच काढले. कुठलंही बोनेट उघडलं की आत ती तार दिसायची. शेवटी एका सकाळी गॅरेज बंद ठेवून तो पॅसेंजरनं दुधनीला गेला.

जोतीराम बाजारात हातगाडी ओढत होता, तुरीची पोती घेऊन. मडिवाळप्पाला बघून तो थांबला. कपाळावरची खूण पांढरी पडली होती. काही न विचारता जोतीराम त्याला घरी घेऊन गेला. घर म्हणजे एका गोदामाच्या मागची खोली. त्याची बायको सोनाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं पाणी दिलं आणि परत शेंगांपाशी बसली.

मडिवाळप्पानं सांगितलं. तार, टोक, पट्टी, चढ. वाटेत आगगाडीत बसून त्यानं बोलणं नीट जुळवलं होतं, पण इथं ते तुटक तुटकच बाहेर पडलं.

जोतीरामनं स्वतःच्या पायाकडं बघितलं.

“म्हंजे माजा पाय ब्रेकवरच हुता,” तो म्हणाला.

“ब्रेकवरच हुता.”

“मिस्त्री, लई दिस मी तसंच म्हनत हुतो. पन एकटाच म्हनत हुतो. मग वाटाया लागलं, एवढी मानसं म्हनत्यात तर आसंल. आपल्यालाच कळलं नसंल.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “आता हातगाडी उताराला लागली तरी मला भ्या वाटतंय.”

“पोरीला सायकलवर बसवत न्हाईत हे,” सोनाबाई शेंगांकडंच बघत म्हणाली. “म्हनत्यात, पाय चुकला तर?”

मडिवाळप्पानं मान खाली घातली. मग ज्यासाठी तो आला होता ते बोलला. “माझ्या गॅरेजवर ये. कायमचं काम देतो. तुला काय कमी पडू देणार न्हाई.”

“मालकाला सांगितलं का?” जोतीरामनं विचारलं.

“न्हाई अजून.”

“मग आदी मला का सांगितलं?”

उत्तर मडिवाळप्पाला माहीत होतं. जोतीराम साधा माणूस आहे, असू द्या म्हणेल, आणि मग कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

सोनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “मिस्त्री, निवाडा तुमी समद्या स्टँडासमूर केला. आन् चूक कबूल करायला हितं, आमच्या उंबऱ्यात आला व्हय?” तिचा आवाज चढला नव्हता. “हितं सांगून काय हुतंय? आमाला ठावंच हुतं की.”

ती शेवटचं वाक्य नवऱ्याकडं बघून बोलली. जोतीरामनं डोळे पुसले.

सोलापूरला परतल्यावर मडिवाळप्पा थेट बसवराजच्या घरी गेला. बैठकीत त्यानं सगळं सांगितलं, तोडलेल्या टोकासकट. सावित्रम्मा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. तिचं मनगट वाकडं बसलं होतं. तांब्या तिनं डाव्या हातात धरला होता.

बसवराज आधी चिडला. “टोक तोडलंस आणि गप्प बसलास?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आता उकरून काय करायचं मिस्त्री? मी सगळ्या बाजारात सांगून बसलोय. त्याला माझ्या गोदामावर घेतो. तो पण खूश, आपण पण मोकळे.”

मडिवाळप्पाला ते शब्द ओळखीचे वाटले. हेच आपण त्या खोलीत बसून बोललो. ऐकायला किती घाण वाटतंय.

“तो ओरडत होता,” सावित्रम्मा दारातून म्हणाली. “सुटंना, सुटंना, म्हणून. मी मागं बसून ऐकलं. त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं.”

“तू घाबरली होतीस,” बसवराज म्हणाला.

“घाबरले होते. बहिरी झाले नव्हते.” मग ती थांबली. “पण मी पण एकदाच सांगितलं. परत नाही बोलले.”

“स्टँडसमोरच सांगणार हाय मी,” मडिवाळप्पा म्हणाला. “तुमी या, नका येऊ.”

“मी येते,” सावित्रम्मा म्हणाली. बसवराजनं तिच्याकडं बघितलं आणि मग भिंतीकडं.

पुढच्या बाजारच्या दिवशी जोतीराम आणि सोनाबाई आले. मडिवाळप्पानं निरोप धाडला होता, पण ते येतील याची त्याला खात्री नव्हती. गाडी गॅरेजसमोर उभी होती, बोनेट उघडं. त्यानं सकाळीच नवा जोड बसवला होता, पहिल्यासारखाच, टोक लांब ठेवून. ड्रायव्हर जमले. बसवराजही आला होता, बायकोच्या मागं दोन पावलं.

“जोतीराम, गाडीत बस,” मडिवाळप्पा म्हणाला. “दार उघडं ठेव.”

जोतीराम बसला. इंजिन चालू झालं. मडिवाळप्पानं हातानं खटका पूर्ण ओढला आणि सोडला. टोक पट्टीला अडकलं. इंजिन ओरडायला लागलं.

“ब्रेक दाब!”

जोतीरामनं दाबला. उघड्या दारातून सगळ्यांना त्याचा पाय दिसत होता. चप्पल झिजलेली, घोट्यापर्यंत धूळ, आणि ब्रेकवर रोवलेला. इंजिन तसंच ओरडत होतं. तो आणखी दाबत होता. मडिवाळप्पानं आत हात घालून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

“हे टोक मी ठेवलं,” मडिवाळप्पा म्हणाला. तो मोठ्यानं बोलत होता. “माझ्या हातचं काम. त्या दिवशी मला दिसलं हुतं. मी बघितलं न्हाई असं केलं. याचा पाय कधी चुकला नव्हता. परवा शरणप्पासंगं याच गाडीत माझा पण चुकला नव्हता. मी खोटं बोललो.”

कुणी हसलं नाही. पाय नाचवून दाखवणारा एक म्हातारा टॅक्सीवाला मागच्या मागं गर्दीतून निघून गेला. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. मडिवाळप्पाला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट एवढी सगळी माणसं आपल्या हातांकडं बघताहेत असं वाटून त्यानं ते फडक्यात गुंडाळले.

बसवराज पुढं झाला. “तप्पायितु,” तो कन्नडमध्ये पुटपुटला. चूक झाली.

“मराठीत सांगा,” सावित्रम्मा म्हणाली. “तेव्हा मराठीतच काढलं होतं त्याला.”

बसवराजचा चेहरा लाल झाला. “चूक झाली जोतीराम,” तो म्हणाला. “परत ये कामाला.”

जोतीराम गाडीतून उतरला. “न्हाई मालक,” तो म्हणाला. त्यानं कुणालाच नमस्कार केला नाही. सोनाबाईनं पिशवी उचलली आणि दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागले.

थोड्या दिवसांनी एका लॉरीमालकानं त्याला बोलावलं. पण जोतीराम लगेच चढला नाही. तो एका दुपारी गॅरेजवर आला आणि म्हणाला, “एकांदी गाडी काडा. मला चालवायची हाय. तुमी शेजारी बसा.” मडिवाळप्पानं दुरुस्तीला आलेली जीप काढली. कुंभारी गावापर्यंत जोतीराम इतका हळू गेला, की सायकलवाले पुढं जात होते. मडिवाळप्पा काहीतरी बोलायला गेला.

“बोलू नका,” जोतीराम म्हणाला. “मला माज्या पायाकडं ध्यान दिऊ द्या.”

येताना तो जरा वेगात आला. गॅरेजसमोर त्यानं जीप बरोबर उभी केली, किल्ली मडिवाळप्पाच्या हातात दिली आणि चालायला लागला.

तो लॉरीवर लागला. हुबळीपर्यंत माल न्यायचा. पण त्याची लॉरी कधी मडिवाळप्पाकडं दुरुस्तीला आली नाही. होटगी रोडलाच पुढं एक नवं गॅरेज झालं होतं, तिकडं जायची. मडिवाळप्पानं त्याबद्दल कधी कुणाला विचारलं नाही. लॉरी समोरून जाताना दिसली की तो गाडीखालून बाहेर येऊन उभा राहायचा. जोतीराम कधी हात वर करायचा, कधी नाही.